गुण्यात न बसणारी गढी : किल्ल्यांचे आराखडे आणि सॉफ्टवेअरची निवड

१

दोन भिंती एकमेकींशी नेमक्या काटकोनात असल्या, की गवंडी म्हणतो, कोपरा गुण्यात आहे. नसल्या, तर 'गुण्यात नाही' एवढेच म्हणून तो पुढच्या कामाला लागतो. जुन्या बांधकामात कोपरा गुण्यात नसणे हा त्याच्या लेखी दोष नसतो, ती एक बातमी असते. ही साधी गोष्ट कळायला मला एक अख्खी भिंत पडावी लागली.

मराठवाड्यातल्या एका गावच्या गढीचा आराखडा आम्ही दोघांनी काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मोजून काढला. साधने म्हणजे तीस मीटरचा टेप, ओळंबा, होकायंत्र आणि चौकटीची वही. आतल्या चौकाची लांबी बारा मीटर होती. पश्चिमेची बाजू नऊ मीटर भरली, पूर्वेची साडेनऊ. दोन्ही कर्ण मोजले, तर त्यांतही तीस सेंटिमीटरचा फरक निघाला. हे सगळे आकडे वहीत नीट उतरवले.

घरी येऊन आराखडा संगणकावर घेतला. सॉफ्टवेअर निवडताना फार विचार केला नव्हता. घराचा नकाशा आखायचे, फुकट मिळणारे, शिकायला अर्धा तास पुरेल असे एक सॉफ्टवेअर होते, तेच घेतले. भिंत ओढायला लागले, की रेषा काटकोनाजवळ आल्याबरोबर ते तिला स्वतःहून काटकोनात बसवी. चौक चटकन आयत झाला, कोपरे मिटले, जाडी भरली गेली. अर्ध्या मीटरचा फरक मी टेपच्या झोळावर ढकलला. तो आराखडा पुढे गावच्या एका स्मरणिकेत छापला गेला. दिसायला तो फार नेटका होता.

तिसऱ्या पावसाळ्यात चौकाची उत्तरेकडची मातीची भिंत कोसळली. तिच्या पोटात दुसरी भिंत निघाली, दगडी तोंड असलेली आणि तिच्याहून जुनी. ही आतली भिंत चौकाच्या इतर बाजूंशी बरोबर गुण्यात होती. बाहेरचे मातीचे अस्तर नंतरचे होते, पश्चिमेला जाड आणि पूर्वेकडे पाचरीसारखे निमुळते होत गेलेले. दिशेतला फरक सुमारे अडीच अंशांचा. म्हणजे वहीतला अर्धा मीटर हा टेपचा झोळ नव्हता. गढी एकदा बांधली गेली आणि पुढे केव्हातरी पुन्हा सावरली गेली, याचा तो पुरावा होता. वहीत तो होता. छापलेल्या आराखड्यात तो पुसला गेला होता, आणि पुसणारा मीच होतो. सॉफ्टवेअरने काटकोन फक्त सुचवला, मी तो मान्य केला.

त्यानंतरच्या वर्षभरात पडलेली पांढरी माती माळवदांवर टाकायला गेली, दगड आणखी कुठे गेले. आज तिथे मोजण्यासारखे फारसे उरलेले नाही. छापील आराखडा मात्र आहे, आणि तो चुकीचा आहे.

म्हणून किल्ल्याचा, गढीचा, वाड्याचा आराखडा काढायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. ग्रंथाच्या संपादकाने पाठभेद कसे नोंदवावेत, या प्रश्नाच्या जातीचा तो आहे. संपादकाने पाठ परस्पर 'सुधारला', तर आपण त्याला जाब विचारतो. आराखड्याला तसा जाब विचारण्याची सवय आपल्याकडे अजून नाही. गडकोटांच्या पुस्तिकांमधून छापलेले कितीतरी नकाशे उत्तर दिशा आणि प्रमाणपट्टी यांच्यावाचूनच येतात आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरतात. आता ते संगणकावर काढलेले असतात, म्हणून जास्त खरे वाटतात, इतकाच काय तो बदल.

२

घर आखायच्या सॉफ्टवेअरचा जन्म आजच्या घरासाठी झाला आहे. त्याच्या लेखी भिंत म्हणजे ठरावीक जाडीची, ठरावीक उंचीची, सरळ उभी पट्टी. चार पट्ट्या मिटल्या की खोली होते. खोलीला दार आणि खिडकी लावली, की मजला तयार होतो, आणि मजल्यावर मजला चढतो. आजच्या सदनिकेला हे व्याकरण पुरते. किल्ल्याला पुरते का?

वरवर पाहता युरोपातल्या कॅसलला ते पुरावे, कारण कॅसल हे मुळात सरदाराचे तटबंद घर. इंग्लंडमधल्या रॉचेस्टरचा बालेकिल्ल्यासारखा मनोरा घेऊ. कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम द कॉरबेल याने तो ११२७ च्या सुमारास बांधायला घेतला. चौकोनी तळ, वर चढत गेलेले मजले, चार कोपऱ्यांना चार बुरूज, उंची सुमारे चौतीस मीटर. असा मनोरा आखणे म्हणजे चार भिंती ओढणे, असे वाटते.

प्रत्यक्षात पहिल्याच भिंतीशी अडते. तळाशी ती साडेतीन मीटरहून जाड आहे, आणि ही जाडी नुसती भरीव नाही. वरच्या भागात भिंतीच्या आतून चालायची वाट जाते. मनोऱ्याचे दोन भाग करणारी जी मधली भिंत आहे, तिच्या पोटात विहिरीचा उभा दांड आहे, त्यातून वरच्या मजल्यांवरही पाणी ओढता येई. इथे भिंत ही दोन जागांमधली सीमा राहत नाही, ती स्वतःच एक जागा होते. पट्टीच्या व्याकरणात भिंतीच्या आत विहीर लिहायला जागाच नाही. आणि मजल्यांचे म्हणाल, तर लाकडी मजले आता नाहीतच, मनोरा आतून आभाळापर्यंत मोकळा आहे. उरली आहेत ती तुळयांची भोके. म्हणजे 'दुसऱ्या मजल्याचा आराखडा' काढणारा माणूस भोकांवरून केलेला तर्क काढत असतो.

चार बुरुजांपैकी तीन चौकोनी आहेत आणि आग्नेयेचा एक गोल आहे. १२१५ मध्ये जॉन राजाने वेढा घालून या कोपऱ्याखाली सुरुंग खणला. आतले लाकडी टेकू पेटवण्यासाठी चाळीस डुकरांची चरबी मागवली होती, हे त्याच्या हुकुमावरून कळते. कोपरा ढासळला. तिसऱ्या हेन्रीच्या काळात तो पुन्हा उभारला गेला तो गोल. हा आराखडा एकाच काळ्या रंगात भरला, तर पाहणाऱ्याला वाटेल की बांधणाऱ्याला अशी लहर आली. बाराव्या शतकाची भिंत एका छटेत आणि तेराव्या शतकाची दुसऱ्या छटेत दाखवली, की आराखडाच वेढ्याची हकिकत सांगू लागतो. इंग्लंडमधल्या वास्तू-अभ्यासकांनी कालखंडानुसार वेगवेगळी रेघाटणी करण्याची ही शिस्त कागदावरच बसवली होती. सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न म्हणून हाच विचारावा : एका भिंतीच्या दोन तुकड्यांना दोन वेगळे काळ देता येतात का?

३

आपल्याकडे कॅसलचे भाषांतर सरसकट 'किल्ला' असे करतात. खरे तर त्याच्या जवळची गोष्ट म्हणजे गढी. देशमुख, पाटील, इनामदार यांचे तटबंद राहते घर. चार कोपऱ्यांना बुरूज, दिंडी असलेला मोठा दरवाजा, आत देवड्या, चौक, भोवताली सोपे, कुठे तळघर, कुठे धान्याचे बळद, एका अंगाला आड. तटाची भिंत पायथ्याशी रुंद आणि वर निमुळती, त्यामुळे जमिनीलगत मोजलेली जाडी वेगळी आणि पुरुषभर उंचीवर मोजलेली वेगळी. आराखडा कोणत्या उंचीवरचा आहे, हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

पण याहून खोल अडचण मोजमापाच्या एककाची आहे. आपली जुनी घरे खणात मोजली जात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. 'पाच खणी सोपा' म्हटले, की ऐकणाऱ्याला खांब किती, तुळया किती आणि माणसे किती बसतील, हे सगळे एकदम कळे. छपराचा भार खांब पेलत, भिंत अनेकदा नुसती पडद्यासारखी असे. म्हणून अशा घरात आधी खांबांची मांडणी येते आणि भिंत तिच्यामागून. घर आखायचे सॉफ्टवेअर मात्र पहिल्याच पायरीला भिंत मागते. खांब त्याला खुर्चीटेबलासारखी नंतर ठेवायची वस्तू वाटते. पडक्या गढीत भिंती गेलेल्या असतात आणि खांबांखालचे दगडी तळखडे जागच्या जागी असतात. अशा वेळी जे हातात आहे ते दाखवायला साधन नसते, आणि जे गेले आहे ते आधी काढावे लागते.

या कामाला कॅड जातीची सॉफ्टवेअर कितीतरी बरी. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले, आणि आपल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची बोटे त्यावर बसली आहेत. फुकट आणि मुक्त स्वरूपाचे हवे, तर सपाट आराखड्यापुरते लिब्रेकॅड आहे. त्यांना भिंत ठाऊक नसते, त्यांना फक्त रेषा ठाऊक असते, आणि आपल्या कामात हे अज्ञान गुणाचे ठरते. रेषा कशाची, हे आपण ठरवायचे. तळखडे एका थरावर, उभ्या भिंती दुसऱ्यावर, पडलेल्या भिंतींच्या खुणा तिसऱ्यावर ठेवता येतात. खणाची जाळी आधी मांडून भिंती मागाहून आणता येतात.

काटकोनात ओढण्याची खोड मात्र इथेही आहे. ती बंद करता येते, आणि जुन्या वास्तूसाठी बसताना पहिल्यांदा तीच बंद करावी. चौकोन बाजूंवरून बंदिस्त होत नाही, त्याला निदान एक कर्ण लागतो, आणि दुसरा कर्ण पडताळ्यासाठी. तीन बाजूंचे त्रिकोण जुळवत गेले, की वास्तू स्वतःच्या कोनात उभी राहते. आमच्या गढीचा चौक पुढे मी याच रीतीने वहीवरून पुन्हा काढला. अडीच अंश आपोआप बाहेर आले. ते पहिल्या दिवसापासून वहीत होतेच.

४

गढीकडून गडाकडे वळले, की प्रश्न पुन्हा बदलतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात गडांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, गडाला एकच दरवाजा असणे हा दोष समजावा, जवळच्या दुसऱ्या डोंगराचा बंदोबस्त करावा, असा त्यातल्या उपदेशाचा रोख आहे. पाणी, वाटा, शेजारचा डोंगर हे सगळे भिंतीच्या बाहेरचे. आज्ञापत्राच्या दृष्टीने गड म्हणजे आधी जमीन, आणि तट म्हणजे त्या जमिनीला दिलेली जोड.

राजगड पाहा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन सोंडांवर पसरलेल्या, मध्ये त्यांच्याहून उंच बालेकिल्ला. संजीवनी टप्प्याटप्प्याने उतरत जाते, आणि तिची दुहेरी तटबंदी डोंगराच्या कडेने वळणे घेते. याचा 'मजला' कोणता? एका पातळीवर कापून आराखडा काढायचा म्हटले, तर बालेकिल्ला असेल तिथे माच्या नसतील. इथे समोच्च रेषा म्हणजे सजावट नव्हे, आराखड्याचा मजकूरच त्यांच्यात आहे. तट जिथे नाही, तिथे कडा आहे, आणि कडा हीच तिथली तटबंदी आहे. कडा काढला नाही, तर तट अर्धवट सोडल्यासारखा दिसतो.

अशा गडासाठी भूगोलाची सॉफ्टवेअर घ्यावीत. २००२ मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस हे त्यांतले मुक्त आणि फुकट. प्रत्येक रेषेला पृथ्वीवरचा पत्ता देण्यापासून त्याची सुरुवात होते. कोकणापासून मराठवाड्यापर्यंतचा प्रदेश यूटीएम पद्धतीच्या त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येतो, नागपूर चव्वेचाळिसाव्यात, एवढे आधी बरोबर निवडले की अंतरे मीटरमध्ये नीट मिळतात. टाकी, विहिरी, वाटा, दरवाजे, तट, चौथरे असे थर एकावर एक ठेवता येतात. मी पाण्याचा थर पहिला ठेवतो. तसे केले, की चौथऱ्यांचे पुंजके टाक्यांशी कसे बांधलेले आहेत, ते डोळ्यांना आपोआप दिसू लागते.

मर्यादाही सांगायला हव्यात. फुकट मिळणाऱ्या उपग्रही उंचीनकाशांचा एक ठिपका साधारण तीस मीटरचा असतो. त्यात डोंगराची सोंड दिसते, बुरूज अख्खा बुडून जातो. मोबाइलमधले स्थान मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरनी चुकते, त्यामुळे दीड मीटरच्या भिंतीची जाडी त्यावरून काढणे व्यर्थ. जमीन उपग्रहावरून घ्यावी आणि भिंत टेपने मोजावी. छायाचित्रे जोडून त्रिमिती रूप करणारी मेशरूमसारखी साधने दगडाचा थर अन् थर टिपतात, पण त्यांना तट आणि तटावर माजलेली घाणेरी यांतला फरक कळत नाही. प्रमाणही त्यांना आपणच मोजपट्टी ठेवून शिकवावे लागते. संरक्षित स्मारकावर ड्रोन उडवायला आधी परवानगी लागते, हेही इथेच सांगून ठेवतो.

५

आता ज्याचा मोह सर्वांना पडतो, त्या गोष्टीकडे येऊ. पडका चौथरा मोजला, की त्यावर वाडा उभा करून पाहावासा वाटतो. स्केचअप, ब्लेंडर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तळ ओढून वर खेचला, की भिंत उभी राहते. छप्पर येते, ऊन पडते, सावली पडते. पाहणारा हरखतो.

हा मोह संगणकाच्या आधीचा आहे. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक याने १८५४ ते १८६८ या काळात मध्ययुगीन वास्तुकलेचा आपला कोश प्रसिद्ध केला. त्यातल्या किल्ल्यांच्या चित्रांसारखी सुबोध चित्रे मी क्वचितच पाहिली आहेत. भिंत कापून आतला जिना दाखवावा, तर त्यानेच. पण त्याच हाताने पिएरफोंचा पडका किल्ला तिसऱ्या नेपोलियनसाठी पुन्हा उभारला, आणि तो करताना जे होते आणि जे असायला हवे होते, यांच्यातली रेषा पुसली. आज पिएरफों पाहणाऱ्याला मध्ययुग कुठे संपते आणि एकोणिसावे शतक कुठे सुरू होते, हे सांगायला तज्ज्ञ लागतो. कागदावर असताना तर्क खोडता येत होता. दगडात बांधल्यावर तो खोडता येत नाही.

संगणकावरची पुनर्रचना दगडाइतकी पक्की नसते, पण पटण्याच्या बाबतीत ती दगडाहून कमी नाही. म्हणूनच वारसावास्तूंच्या संगणकीय चित्रणासाठी लंडन सनद तयार झाली. तिची २००९ ची आवृत्ती प्रचलित आहे. तिचा गाभा असा की, चित्र कोणत्या पुराव्यावरून काढले, कुठे तर्क केला आणि तो का केला, याची नोंद चित्राबरोबर असली पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचे, तर पाठाबरोबर पाठभेद छापा.

हे आपल्यासाठी आता निकडीचे झाले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसायादीत स्थान दिले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मान मिळाला, की दुरुस्तीचा पैसा आणि उत्साह वाढतो. दुरुस्तीच्या वेळी गवंडी आराखड्याकडे पाहून दगड ठेवतो. आराखड्यातल्या ठाम रेषेखाली फक्त कुणाचा तरी अंदाज असेल, तर तो अंदाज चुन्यात बांधला जाईल. आणि यादीबाहेरच्या शेकडो गढ्यांच्या बाबतीत तर आराखडा हीच शेवटची नोंद ठरणार आहे.

६

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. जे सॉफ्टवेअर शंका साठवू शकते, ते घ्यावे.

या कसोटीला क्यूजीआयएस सगळ्यांत चांगले उतरते, आणि त्याचे कारण त्याच्या चित्रात नाही, चित्रामागच्या तक्त्यात आहे. प्रत्येक रेषेमागे एक ओळ असते, तिच्यात आपल्याला हवे ते रकाने करता येतात. मी चार ठेवतो. ही रेषा मोजली, पाहिली, ऐकली की तर्काने काढली? कुणी? केव्हा? गावात हिला काय म्हणतात? शेवटचा रकाना देवनागरीतच भरतो. मग मोजलेली रेषा सलग, पाहिलेली बारीक, तर्काची तुटक आणि ऐकलेली ठिपक्यांची, असे नियम एकदाच लावून द्यायचे. रकाना बदलला की रेषा आपोआप बदलते. आमच्या उत्तरेच्या भिंतीला पहिल्या दिवशी 'कोन जुळत नाही' एवढे तीन शब्द जोडता आले असते, तर छापील आराखड्यातही ते उतरले असते.

गुहा मोजणाऱ्यांचे थेरिअन नावाचे मुक्त सॉफ्टवेअर याच विचाराचे आहे. त्यात मोजमापे आणि चित्र वेगळे राहूनही एकमेकांना बांधलेले असतात, नवे मोजमाप भरले की चित्र त्याप्रमाणे सरकते. भुयारे आणि मोठी खांबटाकी मोजणाऱ्यांनी त्याची ओळख करून घ्यायला हरकत नाही.

तपशिलाच्या कामात कॅडचा हात जास्त जलद चालतो, हे मान्य. तेव्हा गढीपुरता आराखडा कॅडमध्ये काढून तो क्यूजीआयएसमध्ये आणावा. छपाईसाठीची शेवटची सफाई इंकस्केपमध्ये करावी. स्केचअप आणि ब्लेंडर कल्पनेसाठी जरूर वापरावीत, चित्राखाली 'कल्पनाचित्र' असे ठळक लिहून. घर आखायची सॉफ्टवेअर नव्या घरासाठी ठेवावीत.

शेवटचा निकष आयुष्याचा. स्केचअप २००० मध्ये आले, २००६ मध्ये गूगलकडे गेले, २०१२ मध्ये ट्रिंबलकडे. संगणकावर उतरवून घेता येणारी त्याची फुकट आवृत्ती २०१७ नंतर नवी निघाली नाही. हा कुणाचा दोष नाही, व्यापाराची ती रीत आहे. पण गढीचा आराखडा पन्नास वर्षांनी कुणाला उघडायचा असेल, तर तो एका कंपनीच्या मर्जीवर सोडणे योग्य नाही. डीएक्सएफ, एसव्हीजी, जिओपॅकेज यांसारख्या, ज्यांची रचना जाहीर आहे अशा स्वरूपांत एक प्रत ठेवावी. एक प्रत कागदावर काढावी. आणि मूळ वही कधीही टाकू नये.

माझी ती वही अजून आहे. चौकाच्या पानावर पश्चिमेला नऊ, पूर्वेला साडेनऊ, असे पेन्सिलीने लिहिले आहे, आणि साडेनऊच्या खाली माझ्या जोडीदाराने दोनदा रेघ मारली आहे. स्मरणिकेच्या माझ्या प्रतीत मी आता उत्तरेची भिंत तुटक करून ठेवली आहे. बाकीच्या प्रती गावात घरोघरी आहेत. त्यांत तो चौक अजून गुण्यात आहे.